पर्गोला उभारला, पण ऊन तसंच

शिरगावसारख्या समुद्रकाठच्या गावात अंगणात सावली हवी असली की हल्ली पर्गोलाचा विषय निघतो. पर्गोला (खांबांवर ठरावीक अंतराने पट्ट्या टाकलेला उघडा सांगाडा) उभारला की ऊन अडेल, असा बऱ्याच जणांचा समज असतो. प्रत्यक्षात तो वेल चढण्याआधीच्या कारल्याच्या मांडवासारखा असतो. सांगाडा तयार, सावली अजून यायची.

याचं कारण सूर्याच्या जागेत आहे. शिरगाव साधारण १९.७ उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि जुलैच्या अखेरीस भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. पट्टी ५ सेंटीमीटर रुंद आणि फट १५ सेंटीमीटर असेल, तर त्या वेळी जमिनीचा जेमतेम चौथा भाग झाकला जातो. डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला कलून क्षितिजापासून ४७ अंशांच्या आसपास असतो. तेव्हा पूर्व-पश्चिम टाकलेल्या, उभ्या बसवलेल्या पट्ट्या चांगली सावली देतात, पण तेव्हा तिची निकड नसते.

ऑनिंग (भिंतीला बसवलेलं, गुंडाळता येणारं उतरतं कापडी छत) पहिल्या दिवसापासून सलग सावली देतं. मात्र त्याला सोसाट्याचा वारा सोसत नाही. कापडात वारा भरला की भिंतीतले बोल्टसुद्धा उखडतात, म्हणून वारा सुटताच ते गुंडाळायलाच हवं.

पश्चिमेच्या ओट्यावर ऑनिंगच बरं. भिंतीपासून दूर अंगणात पर्गोला शोभतो, पण त्यावर मधुमालती चढवावी आणि ती पसरेपर्यंत नारळाचे झाप टाकावेत. खाऱ्या हवेत साधं लोखंड लवकर गंजतं. दोन्हींसाठी जस्ताचा मुलामा दिलेले पाइप घ्यावेत.