माकूल, अष्टपाद आणि कॅडमियम

आर्णी परिसरातील शेतकरी बंधूंस माकुलाशी काय कर्तव्य, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. येथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तथापि या प्राण्याच्या अंगी साठणारा कॅडमियम हा धातू खतांच्या वाटे आपल्या शेतातही येतो, आणि पशुखाद्यातून सागरी माल खेडोपाडी पोचू शकतो.

माकूल व अष्टपाद हे शिंपल्यांचे व गोगलगाईंचे भाऊबंद होत. त्यांच्या रक्तात लोहाऐवजी तांबे असते; म्हणून ते निळसर दिसते. तांबे त्यांस आवश्यक, कॅडमियम मात्र नको असलेला पाहुणा. दोन्ही मुख्यतः अन्नातून येतात व पाचक ग्रंथीत प्रथिनांशी बांधले जाऊन राहतात. शरीरातील बहुतांश कॅडमियम या एकाच अवयवात असते. मांसात त्याचा अंश अल्प. किनाऱ्यावरील माकुलाचे आयुष्य सुमारे वर्षभराचे, पण ते इतके खादाड असते की तेवढ्या काळातही साठा होतो.

हा सर्व दोष कारखान्यांच्या सांडपाण्याचा, असे मानणे बरोबर नाही. समुद्राच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म वनस्पती फॉस्फेटबरोबर कॅडमियमही शोषतात आणि मेल्यावर तळाकडे जातात. त्यामुळे खोल पाण्यात दोन्ही वाढतात. अरबी समुद्रात किनाऱ्यापासून फार दूर राहणाऱ्या माकुलाच्या ग्रंथीतही कॅडमियम विपुल सापडते ते यामुळेच. किनाऱ्यालगतचा अष्टपाद खेकडे व शिंपले खातो. बंदरांजवळ त्याच्या अंगी शिसेही उतरू शकते.

युरोपीय संघाने आतडी काढलेल्या माकुलासाठी किलोमागे १ मिलिग्रॅम कॅडमियमची मर्यादा घातली आहे. मानवी मूत्रपिंडात हा धातू दहा ते तीस वर्षे टिकतो. २०१० साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने शरीराच्या दर किलो वजनामागे महिन्यास २५ मायक्रोग्रॅम ही सह्य मात्रा ठरविली. साठ किलोच्या माणसास ती दीड मिलिग्रॅम होते. क्वचित खाण्यात भय नाही. मात्र पोटातील भाग न फोडता आधीच काढावा. अखंड माकूल गोठवून पुन्हा वितळविल्यास ग्रंथीतील धातू मांसात झिरपतो, आणि शिजविल्याने तो नष्ट होत नाही.

आता शेताकडे वळू. फॉस्फेटचा खडक बहुधा प्राचीन समुद्रतळाचा गाळच असतो; त्यामुळे त्यापासून केलेल्या खतातही कॅडमियमचा अंश असतो. जपानमध्ये जिन्झू नदीकाठी खाणीचे पाणी भातशेतीत शिरून हाडे ठिसूळ करणारा रोग पसरला. १९६८ साली तेथील शासनाने त्याचे कारण मान्य केले. सुदैवाने आपली काळी, चुनखडीयुक्त जमीन कॅडमियम घट्ट धरून ठेवते. तोच गुण जस्तही अडवितो, म्हणून पिकास झिंक सल्फेट द्यावे लागते. ते खात्रीच्या दुकानातून, पावती घेऊन घ्यावे. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात त्यातील कॅडमियमवर मर्यादा आहे. शहरी कंपोस्टसाठी ती किलोमागे ५ मिलिग्रॅम आहे. मासळीच्या आतड्यांचे खाद्य कोंबड्यांस देणाऱ्यांनी त्यांची काळीज व मूत्रपिंडे खाण्यात ठेवू नयेत. धातू तेथेच साठतो.