‘आमच्याविषयी’ : रुग्णालयाची नवी पाटी

पूर्वी डॉक्टरांची ओळख दवाखान्याच्या दारावरील पाटीवरून होत असे. नाव, पदवी आणि भेटीची वेळ, एवढ्या तीन ओळींत सारे सांगून होई. आज रुग्णाचे नातेवाईक दारापाशी येण्याआधीच मोबाईलच्या पडद्यावर आपले रुग्णालय पाहून आलेले असतात. संकेतस्थळावरील ‘आमच्याविषयी’ हे पान म्हणजेच आता आपली पाटी. दुर्दैवाने ती रंगविण्याचे काम आपण बहुधा संकेतस्थळ तयार करून देणाऱ्यावर सोपवतो. मग ‘जागतिक दर्जा’, ‘अत्याधुनिक तंत्रज्ञान’, ‘आपुलकीची सेवा’ अशी ठरावीक विशेषणे तेथे येऊन बसतात. नाव झाकले, तर पान इंदूरच्या रुग्णालयाचे की ग्वाल्हेरच्या, हे सांगता येऊ नये!

हा केवळ भाषेच्या अभिरुचीचा प्रश्न असता, तर मी लेखणी उचलली नसती. काही वर्षांपूर्वी रात्री अकराच्या सुमारास धार जिल्ह्यातील एका सहकाऱ्याचा दूरध्वनी आला. २९ आठवड्यांचे, ११०० ग्रॅम वजनाचे बाळ होते आणि त्याला श्वास घेणे जड जात होते. आमच्या विभागात त्या रात्री जागा नव्हती. अशा बाळाला सर्फॅक्टंट लागणार असेल, तर ते पहिल्या काही तासांत मिळणे हिताचे असते. म्हणून मी शहरातील अन्य रुग्णालयांची पाने पाहू लागलो. एका पानावर संस्थापकांचे प्रदीर्घ मनोगत आणि उद्घाटनाची छायाचित्रे होती. परंतु इतक्या लहान बाळासाठी व्हेंटिलेटर आहे की नाही, रात्री कोण डॉक्टर उपस्थित असतात, याविषयी एक अक्षर नव्हते. दिलेला क्रमांक केवळ दिवसा चालणाऱ्या कार्यालयाचा निघाला. दुसऱ्या पानावर मोजक्या ओळी होत्या : किती आठवड्यांपुढील बाळांची काळजी घेतली जाते, कोणती साधने आहेत आणि नवजात शिशू विभागाचा थेट क्रमांक. बाळ तेथे गेले. कोणते रुग्णालय अधिक चांगले, हे मला त्या क्षणी ठरवायचे नव्हते. कोठे काय आहे, एवढेच कळायला हवे होते.

नियम अडसर नव्हे, आराखडा

पुष्कळ व्यवसायबंधूंना वाटते की जाहिरातीवर बंधने आहेत, तेव्हा पानावर लिहावे तरी काय? भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारविषयक नियम पाहावेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम अधिसूचित करून त्याच महिन्यात स्थगित केले. त्यामुळे २००२ चेच नियम लागू आहेत. बऱ्या केलेल्या रुग्णांची किंवा शस्त्रक्रियांची फुशारकी कोणत्याही माध्यमातून मिरवू नये, असे ते सांगतात. रुग्णालयाच्या वृत्तपत्रीय जाहिरातीत संस्थेचे नाव, कोणत्या प्रकारचे रुग्ण दाखल होतात, कोणत्या सोयी आहेत आणि शुल्क किती, याहून अधिक काही नसावे, असेही त्यांत आहे. संकेतस्थळासाठीही हीच मर्यादा पाळणे शहाणपणाचे. गंमत अशी की, चिंतातुर आईबापांना हवी असते तीदेखील नेमकी हीच माहिती!

काय लिहावे

प्रत्येक डॉक्टरांचे नाव, मान्यताप्राप्त पदव्या आणि राज्य वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक. विशेषज्ञ असल्याचा उल्लेख त्या शाखेची पदवी असेल तरच. चोवीस तास कोण उपस्थित असतात आणि बोलावल्यावर कोण येतात, हा भेद स्पष्ट असावा. तपासणीचे शुल्क, आयुष्मान भारत योजनेत रुग्णालय समाविष्ट आहे की नाही, आणि गुणवत्तेचे मानांकन असल्यास त्याची मुदत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपल्याकडे काय नाही, तेही लिहावे. ‘येथे बालशल्यचिकित्सेची सोय नाही’ हे वाक्य एखाद्या बाळाचे दोन तास वाचवू शकते. विशेषणाला पुरावा नसतो. आकड्याला आणि नावाला असतो.

काय टाळावे

परवानगीवाचून रुग्णाचे छायाचित्र नको. लहान मुलांच्या बाबतीत पालकांची संमती असली, तरी मी ते टाळावे असेच म्हणेन. ते बाळ मोठे होणार आहे. पार्श्वभूमीला दुधाच्या भुकटीची किंवा दूधबाटलीची जाहिरात दिसणार नाही, हेही पाहावे. १९९२ च्या शिशुदुग्धपर्यायविषयक कायद्याने रुग्णालयात असे फलक लावण्यास मनाई आहे. मग ते आपल्या पानावर कशाला?

भाषा आणि डागडुजी

आपल्या घरात मराठी असली, तरी आपल्याकडे येणारे बहुसंख्य पालक हिंदी वाचतात, आणि खरगोन-झाबुआकडून आलेल्यांना इंग्रजी परिच्छेदांचा उपयोग नाही. म्हणून पान प्रथम सोप्या हिंदीत असावे. जोडीला मराठी असल्यास घरातल्या आजी-आजोबांनाही ते आपले वाटेल. संपर्क क्रमांक चित्रात न घालता अक्षरांत द्यावा, म्हणजे बोट ठेवताच फोन लागतो. नोकरी सोडून गेलेल्या डॉक्टरांचे नाव पानावर राहणे हे रुग्णाची दिशाभूल करणेच होय; म्हणून दर तीन महिन्यांनी एका जबाबदार व्यक्तीने पान तपासावे आणि तपासल्याची तारीख खाली लिहावी.

वैद्यकीय क्षेत्राबाहेरील वाचकांनाही एक सुचवावेसे वाटते. घरात बाळंतपण जवळ आले असेल, तर दोन-तीन रुग्णालयांची पाने आधीच वाचून ठेवा. वरील उत्तरे न मिळाल्यास दूरध्वनी करून विचारा; संकोच बाळगू नका.

आणि सहकाऱ्यांना विनंती अशी की, आपले पान एकदा रात्रपाळीच्या परिचारिकेला वाचावयास द्यावे. रात्री येणाऱ्या फोनवर लोक काय विचारतात, हे तिच्याइतके कोणासही ठाऊक नसते. तिच्या प्रश्नांची उत्तरे पानावर आली, म्हणजे पान लिहून झाले असे समजावे.