टोला अर्ध्या सहस्रांश सेकंदाचा

विटीदांडू खेळताना विटीला तुम्ही टोला हाणला असेल. विटी उडते, लांब जाते आणि जमिनीवर पडते. ती का पडली, असे विचारले तर बरेच विद्यार्थी सांगतात, "टोल्याचा जोर संपला म्हणून." उत्तर पटण्यासारखे वाटते; पण ते चूक आहे. कसे ते पाहण्यासाठी आपण गोल्फ या खेळाकडे वळू. क्रिकेटमध्ये चेंडू समोरून वेगाने येतो. गोल्फमध्ये मात्र तो जागेवर स्थिर असतो. त्यामुळे हिशेब सोपा होतो.

गोल्फ हा खेळ स्कॉटलंडमध्ये वाढला. भारतात कोलकात्याला १८२९ सालीच गोल्फ क्लब निघाला. मोठ्या मैदानावर दूरदूर खळगे केलेले असतात. प्रत्येक खळगा जेमतेम १०.८ सेंटिमीटर रुंद असतो. कमीत कमी टोल्यांत चेंडू त्या खळग्यात घालायचा, एवढाच खेळ. नियमानुसार चेंडूचे वस्तुमान ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी असू नये.

चेंडू स्थिर का राहतो?

लहानशा खुंटीवर चेंडू ठेवला आहे. गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढते आणि खुंटी तेवढ्याच बलाने वर रेटते. दोन्ही बले एकमेकांना तोलतात, म्हणून चेंडू हलत नाही. असंतुलित बल लागल्याशिवाय स्थिर वस्तू स्थिरच राहते, आणि गतिमान वस्तू त्याच वेगाने सरळ रेषेत जात राहते. हाच न्यूटनचा पहिला नियम. त्याचा दुसरा भाग नीट ध्यानात ठेवा. गतिमान वस्तूला चालू राहण्यासाठी बल लागत नाही.

किती बल लागते?

चांगल्या खेळाडूच्या टोल्याने चेंडू सेकंदाला सुमारे ७० मीटर वेगाने सुटतो. काठी आणि चेंडू यांचा स्पर्श फक्त ०.०००५ सेकंद, म्हणजे अर्धा सहस्रांश सेकंद टिकतो. दुसऱ्या नियमाप्रमाणे संवेगातील बदलाला वेळेने भागले की सरासरी बल मिळते. चेंडूचे वस्तुमान ०.०४६ किलोग्रॅम धरू. ०.०४६ गुणिले ७० म्हणजे सुमारे ३.२. त्याला ०.०००५ ने भागले की उत्तर येते सुमारे ६,४०० न्यूटन! साडेसहाशे किलोग्रॅमचे ओझे ठेवल्यासारखेच हे बल आहे. त्याने चेंडू क्षणभर चपटा होतो.

हाताला टोला जाणवून त्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणजे टोला बसल्याचे खेळाडूला कळते, तेव्हा चेंडू निघून गेलेला असतो. मग टोल्यानंतरही काठी खांद्यापर्यंत फिरू द्या, असे शिक्षक का सांगतात? चेंडूला आणखी ढकलण्यासाठी नव्हे. हात आणि काठी यांनाही जडत्व असते. त्यांना चेंडूजवळच थांबवायचे तर टोल्याच्या आधीच वेग कमी करावा लागेल.

काठीचे काय होते?

काठी चेंडूला जेवढ्या बलाने पुढे ढकलते, तेवढ्याच बलाने चेंडू काठीला मागे ढकलतो. हा तिसरा नियम. काठीच्या टोकाचे वस्तुमान ०.२ किलोग्रॅम आणि वेग सेकंदाला ५० मीटर असेल, तर त्याचा संवेग १० होतो. त्यातला ३.२ चेंडूने घेतला, उरला ६.८. म्हणजे टोकाचा वेग सेकंदाला ३४ मीटरवर आला. इतक्या अल्प वेळात हात काठीला फारशी मदत करू शकत नाहीत.

काठी सुटली, पुढे काय?

आता चेंडू हवेत आहे. टोल्याचे बल काठीचा स्पर्श सुटताच संपले. चेंडूबरोबर गेला तो वेग, बल नव्हे. यापुढे त्याच्यावर दोनच बले काम करतात: गुरुत्वाकर्षण आणि हवेचे बल.

हवा चेंडूला अडवते हे आपल्याला ठाऊक आहे. पण एक नवल पाहा. जमिनीशी ११ अंशांचा कोन करून ७० मीटर वेगाने सुटलेला चेंडू, हवा नसती तर सुमारे १८७ मीटरवर पडला असता. प्रत्यक्षात चांगला टोला २०० मीटरच्याही पुढे जातो. अडवणारी हवाच मदत कशी करते?

काठीचा पृष्ठभाग तिरपा असतो, म्हणून चेंडू सुटताना उलटा फिरू लागतो, सेकंदाला चाळीस-पन्नास फेरे. त्याचा वरचा भाग मागे जात असतो आणि समोरून येणारी हवाही मागेच जात असते. त्यामुळे वरची हवा चेंडूला जास्त वेळ बिलगून राहते आणि शेवटी खालच्या दिशेला वळते. चेंडू हवेला खाली ढकलतो, म्हणून हवा चेंडूला वर उचलते. पुन्हा तिसरा नियमच! एडिंबरोचे प्राध्यापक टेट यांनी १८९० नंतरच्या दशकात चेंडूला लांब फीत बांधली आणि फितीला पडलेले पीळ मोजून हे फिरणे दाखवून दिले. त्यांचा मुलगा फ्रेडी हा नामवंत गोल्फपटू होता.

चेंडूवरच्या बारीक खळग्यांचे कामही असेच आहे. खरबरीत झालेले जुने चेंडू नव्या गुळगुळीत चेंडूंपेक्षा लांब जातात, हे खेळाडूंनी आधीच हेरले होते. खळग्यांमुळे चेंडूलगतच्या हवेत लहान लहान भोवरे उठतात. ती हवा चेंडूला अधिक मागेपर्यंत चिकटून राहते, चेंडूमागचा खळबळीचा पट्टा अरुंद होतो आणि विरोध जवळजवळ निम्मा होतो.

चंद्रावरचा टोला

६ फेब्रुवारी १९७१ रोजी 'अपोलो १४'चे अंतराळवीर ॲलन शेपर्ड यांनी चंद्रावर दोन चेंडू टोलावले. तेथे हवा नाही, म्हणून खळगे आणि फिरणे दोन्ही निरुपयोगी. उरते फक्त गुरुत्वाकर्षण, तेही पृथ्वीच्या एक षष्ठांश. ७० मीटर वेगाने ४५ अंशांत सुटलेला चेंडू तेथे सुमारे तीन किलोमीटर जाईल. शेपर्ड यांच्या जाड पोशाखामुळे मात्र त्यांना एकाच हाताने काठी फिरवावी लागली. त्या वेळच्या छायाचित्रांचा २०२१ साली पुन्हा अभ्यास झाला, तेव्हा दुसरा चेंडू जेमतेम ३७ मीटर गेल्याचे दिसले. अंतराळवीर झाला तरी संवेगाचा हिशेब त्याला चुकत नाही!

करून पाहा

कॅरमच्या फळीवर एक सोंगटी दुसऱ्या सोंगटीवर अगदी समोरून मारा. पहिली जवळजवळ जागीच थांबते. आता तीच सोंगटी जड स्ट्रायकरने मारा. स्ट्रायकर मंदावतो, पण पुढे सरकत राहतो. गोल्फची काठी आणि चेंडू यांची जोडी या दोहोंपैकी कोणासारखी, हे वरच्या आकड्यांवरून तुम्हीच ठरवा.

आणि विटी का पडली, असे कोणी पुन्हा विचारले तर सांगा, "जोर संपला म्हणून नव्हे, पृथ्वीने ओढली म्हणून."