जुन्या तुळईची गिटार

(शेतकी विभागाकडून)



या पानावर मी दर अंकी लागण, बेणे, खताचे हप्ते आणि खोडवा याविषयी लिहीत असतो. या वेळी विषय जरा आडवळणाचा आहे. विजेवर वाजणारी गिटार घरच्या घरी, सुटे भाग आणून कशी जोडली, त्याची ही हकिकत आहे. 'उसाच्या साहेबाला हे काय सुचलं?' असे कोणी म्हणेल. पण शेवटपर्यंत वाचावे. यात मोजमापाची एक गोष्ट आहे, आणि तिथे चूक माझीच झाली, तेही सांगणार आहे.

आपल्या बहुतेक सभासदांच्या घरचे कोणी ना कोणी मुंबईला आहे. माझे थोरले बंधू तरुणपणीच गेले. माथाडी म्हणून पोती वाहिली आणि घाटकोपर पश्चिमेला असल्फ्याच्या चढावर एक खोली घेतली. त्यांचा धाकटा मुलगा आय.टी.आय. करून मुलुंडला दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. गणपतीत तो बेंजो पार्टीत वाजवायचा. लग्नाच्या वरातीत आपण जो बेंजो ऐकतो, तो मूळचा जपानचा. १९१२ साली नागोया येथे मोरिता गोरो यांनी टाइपरायटरसारख्या कळा बसवून तो तयार केला. त्याचे जपानी नाव ताईशोगोतो. आपल्याकडे कारागिरांनी त्याला कॉइल आणि लोहचुंबक बसवले आणि तो कर्ण्यावर वाजू लागला. असला बेंजो दुरुस्त करता करता आमच्या पोराला गिटारचे वेड लागले.

गेल्या दिवाळीत तो गावी आला आणि म्हणाला, "तात्या, जुन्या घराच्या तुळईचा एक तुकडा द्याल का? गिटार करायची आहे."

मी एकदम उत्तर दिले नाही, त्याला कारण होते. नऊ वर्षांपूर्वी जुने घर उतरवले. घरजागा माझ्या वाटणीला आली, म्हणून सागवानी तुळईही माझ्याच गोठ्यात राहिली. दादा तेव्हा तोंडातून एक शब्द बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून ते गावी आले की मुक्काम बहिणीकडे करत. आजोबांनी स्वतः उभे राहून चढवलेली ती तुळई होती. तुकडा मागायला पोरगा आला होता, पण न मागितलेले मागणे दादांचे होते, हे मला कळत होते. मी दोन दिवस विचार केला आणि म्हणालो, "ने."

गिटार सुट्या भागांची कशी?

हे समजायला थोडा इतिहास पाहू. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात लिओ फेंडर नावाचे गृहस्थ होते (१९०९ ते १९९१). त्यांच्या आईवडिलांची संत्र्याची बाग होती, म्हणजे तेही शेतकऱ्याचेच पोर. त्यांनी फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान घातले. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण दुरुस्ती करणाऱ्या माणसाची नजर होती. १९५० च्या सुमारास त्यांनी जी गिटार बाजारात आणली तिची मान, म्हणजे तारा दाबायची लांब पट्टी, डिंकाने न चिकटवता चार स्क्रूंनी आवळलेली होती. मान खराब झाली की सोडा आणि दुसरी लावा. १९५४ ची त्यांची 'स्ट्रॅटोकास्टर' गिटारही अशीच. आपण नांगराचा फाळ बदलतो तसे हे झाले.

जिथे भाग बदलता येतो तिथे भाग विकणारेही निघतात. १९७० नंतर अमेरिकेत नुसते पिकअप, नुसत्या माना, नुसती खोडे विकणारे कारखाने उभे राहिले. एडी व्हॅन हेलन (१९५५ ते २०२०) या वादकाने अशाच कारखान्यातून सवलतीत खोड आणि मान घेतली, त्यात जुन्या गिब्सन गिटारचा पिकअप बसवला आणि वर पट्टे रंगवले. १९७८ साली त्याच्या वाद्यवृंदाची पहिली तबकडी निघाली आणि त्या जोडजाड गिटारचे नाव जगभर झाले.

दुसरे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. इंग्लंडमधील ब्रायन मे याने १९६३ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, वडिलांना हाताशी घेऊन गिटार करायला घेतली. मानेसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे महोगनी लाकूड घेतले, खोडात जुन्या टेबलाचे ओक वापरले आणि स्प्रिंगा मोटारसायकलच्या इंजिनातून काढल्या. दोन वर्षे काम चालले. तीच गिटार पुढे त्याने 'क्वीन' या वाद्यवृंदात आयुष्यभर वाजवली. त्या वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला. पुतण्याने हे सांगितले तेव्हा तुळईच्या मागणीचा उगम मला समजला.

काम सुरू झाले

तुळई गावच्या सुताराने चिरली. मध्ये जुना खिळा निघाला आणि करवतीचे पाते गेले, ती भरपाई मी दिली. तुळईची रुंदी कमी, म्हणून दोन फळ्या जोडून पावणेदोन इंच जाडीचे खोड करायचे ठरले. सागाला अंगचे तेल असते, त्यामुळे डिंक नीट धरत नाही. जोडायच्या आधी कडा ताज्या रंधून थिनरने पुसाव्या लागतात. जुन्या लाकडाचा फायदा असा, की ते पूर्ण वाळलेले असते. मुंबईच्या पावसाळ्यात ओले लाकूड फुगते, वळते आणि सगळी मापे बिघडतात.

मान विकत आणली. ती घरी करणे नवख्याचे काम नव्हे. तिच्या पोटात लोखंडी सळई असते. सहा तारांचा ताण मिळून सुमारे ४० किलो होतो आणि तो मान सतत पुढे ओढतो. ती सळई चावीने आवळून मान सरळ ठेवायची असते. मानेवरच्या पट्टीला पुष्कळदा शिसवी वापरतात, आणि आपल्या देशाची शिसवी त्यासाठी परदेशात जाते.

पिकअप म्हणजे लोहचुंबकावर केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार वर थरथरली की त्यात किंचित वीज उत्पन्न होते आणि ती अँप्लिफायर मोठी करतो. म्हणून या गिटारला नायलॉनची तार चालत नाही. एका कॉइलच्या पिकअपमध्ये घरातल्या विजेची ५० सायकलची गुणगुण शिरते. दोन कॉइल उलटसुलट जोडल्या की ती एकमेकींत जिरते. असल्फ्याच्या खोलीत एका भिंतीला फ्रिज आणि दुसऱ्या भिंतीला मीटर, तेव्हा गुणगुण फार. पोराने खोडातल्या खाचांना आतून तांब्याची पट्टी चिकटवून अर्थिंग केले, तेव्हा आवाज स्वच्छ झाला.

माझी चूक

आता मुख्य गोष्ट. तारा जिथे टेकतात तो 'ब्रिज' खोडावर बसवायचा होता. त्या दिवशी मी घाटकोपरला त्यांच्याकडेच होतो. पोरगा फूटपट्टी शोधत होता, ती सापडेना. मी म्हणालो, "अरे, एवढ्यानं काय होतंय? मानेकडं बघून लाव की अंदाजानं." साहेबकाका सांगतायत म्हणून त्याने भोके पाडली.

तारा चढवल्या. मोकळ्या तारा गोड वाजल्या, पण वरच्या पट्टीला बोट ठेवले की सूर उतरलेला. हिशेब असा असतो : या मानेची तारेची लांबी साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर. बारावी पट्टी बरोबर मध्यावर, ३२४ वर. तेथून ब्रिजही ३२४ वरच हवा, तरच वरचा 'सा' जुळतो. बाकीच्या पट्ट्यांनाही नियम आहे. उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागायचे, येईल तेवढ्यावर पुढची पट्टी. आमचा ब्रिज अर्धा इंच मागे गेला होता. खोगिरे पुढेमागे सरकवायला स्क्रू असतात, पण त्यांची धाव तेवढी नसते.

पोरगा काही बोलला नाही. खोड एकच, दुसरी तुळई नाही. दादा खाटेवरून म्हणाले, "शेतकऱ्याला दोरी लावून सरी मारायला सांगतोस, आणि घरात अंदाज?" नऊ वर्षांत दादा मला रागावले ते तेव्हा. खरे सांगतो, मला बरे वाटले.

मग त्याच तुळईच्या भुशातून उरलेल्या चिपाच्या खुंट्या करून भोके बुजवली, एक रात्र सुकवली आणि दादांनी स्वतः पट्टी धरून माप घेतले. खुंट्यांच्या खुणा आजही दिसतात. पोराने त्या रंगाखाली लपवल्या नाहीत.

खर्चाचा हिशेब

सभासदांना हिशेब लागतो, म्हणून देतो. मान ६,५०० रुपये, पिकअप ३,२००, ब्रिज १,८००, खुंट्यांचा संच १,४००, स्विच-बटणे-वायर ७००, तारा ५००, खाचा पाडण्याची मजुरी १,००० आणि पॉलिश ८००. एकूण १५,९०० रुपये. लाकूड घरचे. एवढ्या पैशात नवी तयार गिटारही मिळाली असती. पैसे वाचवायला कोणी यात पडू नये. पण आता तिच्यातला प्रत्येक स्क्रू पोराला माहीत आहे. शेजारपाजारची पोरे आपल्या गिटारी त्याच्याकडे दुरुस्तीला आणू लागली आहेत, आणि महिन्याला चार पैसे त्यातून सुटतात.

कोणी करणार असेल तर

१) आधी मान घ्यावी, मग तिच्या मापाने बाकीचे. दुकानदाराला तारेची लांबी विचारल्याशिवाय ब्रिज घेऊ नये.
२) लाकूड वाळलेले असावे. खिळे आधी शोधून काढावेत.
३) भोक पाडण्यापूर्वी दोनदा मोजावे, आणि एकदा दुसऱ्याकडून मोजून घ्यावे.
४) अर्थिंग चुकवू नये.

आपल्याकडे ही विद्या नवी नाही. मिरजेत सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी हत्यारांना धार लावणारे शिकलगार तंतुवाद्ये करू लागले. त्यांना लागणारा भोपळा मंगळवेढा-पंढरपूर भागातल्या शेतकऱ्यांच्या रानात पिकतो. २०२४ साली मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. चांगल्या वाद्याच्या मुळाशी शेतकरी असतोच.

यंदा यात्रेला पोरगा ती गिटार घेऊन आला. देवळात भजनी मंडळाबरोबर बसला. पेटीवाल्या बुवांनी आधी नाक मुरडले, मग स्वतःच सूर दिला. भजन संपल्यावर दादा गिटारवरून हात फिरवत म्हणाले, "आजोबांची तुळई बोलायला लागली." त्या रात्री ते बहिणीकडे गेले नाहीत. आमच्याच ओसरीवर झोपले.

राहिलेली तुळई आता आम्ही दोघांनी मिळून झाकून ठेवली आहे. आणि तेव्हापासून माझ्या पिशवीत टेप असतो. आडसाली लागणीला गटात आलो की साडेचार फुटांची सरी मी स्वतः मोजणार आहे. कोणी अंदाज सांगू नये.