जहाजावरचे माठ

अजिंठ्यास जाणारा रसिक पहिल्या लेण्यातील पद्मपाणीपाशी रेंगाळतो. मी मात्र यंदा दुसऱ्या लेण्यातील एका जहाजापुढे थबकलो. आपल्या सोपाऱ्याच्या पूर्णाची ही कथा. त्याचा भाऊ चंदनासाठी गेला नि वादळात सापडला. चित्रकाराने तीन डोलकाठ्या काढल्या, नाळेवर डोळे काढले आणि ओळीने मांडलेले माठही काढले! वादळाच्या चित्रातही त्याला शिधासामग्रीचा विसर पडला नाही.

गेले काही महिने मी दुसऱ्या महायुद्धातील जपानी आरमाराचा इतिहास वाचीत होतो. त्या माठांपुढे मला त्याच्या पराभवाचे मर्म उमगले.

हल्ल्याची त्याची तयारी अव्वल होती. त्याच्या पाणतिरांच्या पल्ल्याला जगात तोड नव्हती. पण तगून राहण्याचा विचार? रडार उशिरा आले. सांकेतिक संदेश शत्रू वाचीत होता. त्यामुळेच जून १९४२ मध्ये मिडवे बेटापाशी अमेरिकन विमाने दबा धरून होती आणि जपानची चार विमानवाहू जहाजे बुडाली. व्यापारी जहाजांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र मुख्यालय निघाले ते नोव्हेंबर १९४३ मध्ये. तोवर पाणबुड्यांनी कितीतरी जहाजे गिळली होती. १९४४ च्या जूनमध्ये नवेकोरे ‘तायहो’ एकाच पाणतिराने बुडाले. घाव जिव्हारी नव्हता. पण फुटलेल्या टाकीतील पेट्रोलची वाफ जहाजभर पसरली आणि काही तासांनी स्फोट झाला.

याची चुणूक आपल्या खलाशांनीही पाहिली होती. ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात भारतीय आरमाराची चिमुकली ‘बेंगॉल’ एका डच तेलवाहू जहाजाला सोबत करीत होती. दोन बलाढ्य जपानी जहाजे चालून आली. ‘बेंगॉल’ पळाली नाही. उलट त्यांच्यावर धावून गेली. या दोघींजवळ मोठी अशी एकेकच तोफ! तरी दहा हजार टनांचे ‘होकोकू मारू’ पेटले आणि स्फोट होऊन बुडाले. दुसरे जपानी जहाज, तेलवाहू बुडणारच असे समजून, निघून गेले. ते बुडाले नाही. दोघीही सुखरूप बंदरास लागल्या.

जपानी खलाशी शूर नव्हते असे कोण म्हणेल? त्यांच्या सेनानींनी तलवारीला धार लावली. ढाल मात्र घरी विसरली. त्याची किंमत हजारो पोरांनी समुद्राच्या तळाशी मोजली.

लेण्यातून बाहेर पडण्यापूर्वी मी ते माठ पुन्हा एकदा पाहिले. पूर्णाच्या भावाचे जहाज घरी परतले होते.