हे कोण म्हणते?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमची नात इंदूरला आमच्याकडे राहावयास आली, ती एक काम बरोबर घेऊनच. औषधनिर्माणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला ती शिकते. विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशासाठी प्रत्येकाने आपल्या मातृभाषेत आरोग्यविषयक एक नोंद लिहावी, असे तिच्या महाविद्यालयाने सांगितले होते. तिने विषय निवडला होता ‘जलसंजीवनी’. म्हणजे जुलाब झालेल्या मुलांना पाण्यात विरघळवून देतात ती क्षार-साखरेची पुडी. “आजी, तू इतकी वर्षे शाळेत मराठी शिकवलंस, मला मदत कर ना,” असे ती म्हणाली आणि मीही मोठ्या हौसेने चष्मा लावून बसले. त्या आठ दिवसांत तिला मी काय शिकविले, याहून मी काय शिकले हेच वाचकांस सांगावे असे वाटते.

विश्वकोश ही वस्तू मराठी घराला परकी नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा ज्ञानकोश आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली १९७६ पासून निघू लागलेला मराठी विश्वकोश यांची नावे आपल्या घरांत आदराने घेतली जातात. त्या ग्रंथांत नोंद छापली जाण्यापूर्वी तिच्यावरून जाणत्या संपादकांची नजर फिरत असे. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर मात्र कोणीही लिहू शकतो आणि लिहिलेले तत्काळ सर्वांस दिसते. तेव्हा नजर ठेवण्याचे काम लिहिणाऱ्यानेच आधी करावयाचे असते. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हे काम शिकविण्याचा प्रयत्न अन्यत्रही झालेला आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१३ साली वैद्यकाच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी विकिपीडियावरील नोंदी सुधारण्याचा अभ्यासक्रम सुरू करण्यात आला आणि त्यासाठी त्यांना रीतसर गुणही मिळू लागले.

नातीच्या मसुद्यातील पहिलेच वाक्य असे होते : ‘जुलाबांवर जलसंजीवनी हा रामबाण उपाय असून प्रत्येक मातेने ती आपल्या बाळास त्वरित पाजावी.’ व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष. मी त्यावर ‘छान’ असा शेराही मारला. दुसऱ्या दिवशी महाविद्यालयाने दिलेली नियमावली तिने मला वाचून दाखविली, तेव्हा माझा शेरा मलाच खोडावा लागला. ‘रामबाण’ ही स्तुती झाली. ‘पाजावी’ हा उपदेश झाला. विश्वकोशाने वाचकास माहिती द्यावी; अमुक करा, इतके घ्या, असे सांगण्याचे काम रुग्णासमोर बसलेल्या डॉक्टरांचे. शिवाय ते वाक्य खरेही नव्हते. जलसंजीवनीने जुलाब थांबत नाहीत. आतड्यात ग्लुकोजबरोबर सोडियम शोषला जातो आणि त्याच्या मागोमाग पाणी शरीरात जाते; म्हणून जुलाब चालू असतानाही गेलेले पाणी व क्षार भरून निघतात. अखेर वाक्य असे झाले : ‘अतिसारात शरीरातून जाणारे पाणी व क्षार भरून काढण्यासाठी जलसंजीवनी दिली जाते. रुग्णाची स्थिती गंभीर असल्यास शिरेतून द्रव द्यावा लागतो.’ वाक्य कोरडे झाले खरे, पण ‘रामबाण’ शब्दावर विसंबून एखादी आई अत्यवस्थ मुलास घरीच ठेवून बसण्याचा धोका त्यातून गेला.

पुढचा प्रश्न आधाराचा. माझ्या कपाटात एक जुने आरोग्यविषयक पुस्तक होते. त्यात एक लिटर पाण्यास साडेतीन ग्रॅम मीठ व वीस ग्रॅम ग्लुकोज असे प्रमाण दिलेले होते. छापील पुस्तक म्हणजे पक्का आधार, अशी माझी समजूत. परंतु जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००२ साली हे सूत्र बदलले, मीठ २.६ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम असे नवे प्रमाण ठरले, कारण सौम्य द्रावणाने उलट्या कमी होतात आणि शिरेतून द्रव देण्याची वेळही कमी मुलांवर येते, असे आढळले. पुस्तक खोटे नव्हते, जुने झाले होते. म्हणून आरोग्याच्या नोंदीस शक्यतो गेल्या पाच वर्षांतील आधार घ्यावा आणि तोही एखाद्या सुट्या प्रयोगाचा नव्हे, तर अनेक अभ्यास तपासून काढलेल्या निष्कर्षांचा, प्रमाणभूत पाठ्यपुस्तकाचा किंवा मान्यवर संस्थेच्या मार्गदर्शिकेचा असावा, असा नियम आहे. वर्तमानपत्रातील बातमी वा औषधाची जाहिरात येथे चालत नाही.

‘हा या शतकातील सर्वांत मोठा वैद्यकीय शोध होय,’ असेही नातीने एके ठिकाणी लिहिले होते. “हे कोण म्हणते?” मी विचारले. शोध घेता ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाच्या १९७८ मधील संपादकीयात तशा अर्थाचे मत सापडले. पण तेथेही ‘संभवतः’ ही पुस्ती होतीच. मग नियतकालिकाचे नाव, साल आणि ती पुस्ती यांसह वाक्य ठेवले. मत देण्यास मनाई नाही. ते कोणाचे आहे हे सांगितले पाहिजे.

तटस्थता म्हणजे दोन्ही बाजूंस सारखी जागा, असेही मला वाटत असे. “जुलाबात पाणी तोडावे असे मानणारेही आहेत, त्यांचे म्हणणे घाल,” असे मी सुचविले. ती म्हणाली, “अशी समजूत होती हे लिहीन. पण पुराव्याच्या तोलाचं म्हणून नाही लिहिणार. जेवढा आधार, तेवढीच जागा.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. १९६२ सालच्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ दीड वर्षाचा होता. त्याला जुलाब सुरू झाले, तेव्हा पोटास विश्रांती म्हणून त्याचे पाणी तोडण्यात आले. घरातील मोठ्या माणसांनी ते प्रेमानेच केले. त्या काळी अनेक घरांत तसेच करीत. वाटीकडे हात करून तो रडत असे आणि त्याला पाणी द्यावयाचे नाही म्हणून मला बजावलेले होते. तिसऱ्या दिवशी तो गेला. मी नऊ वर्षांची होते.

सकाळी मी नातीला हे सारे प्रथमच सांगितले आणि म्हटले, “हे तुझ्या नोंदीत घाल. लोकांना कळू दे.” ती बराच वेळ माझा हात धरून बसली. मग हलकेच म्हणाली, “आजी, हे तिथे नाही घालता येणार. हा तुझा अनुभव आहे, आधार नाही. उद्या कोणी म्हणेल, आमचं मूल पाणी तोडून बरं झालं. त्याचंही घालायचं का?”

क्षणभर मला राग आला. पण उत्तर सुचेना. माझ्या आईलाही कोणीतरी असाच स्वतःचा अनुभव सांगितला असेल आणि तिने तो खरा मानला असेल. अनुभवाच्याच भरवशावर त्या बाळाचे पाणी तुटले होते.

त्याऐवजी नातीने दोन गोष्टी लिहिल्या. पहिली, अतिसारातही द्रवपदार्थ, स्तनपान व आहार चालू ठेवावा असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. दुसरी, १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली व शिरेतून देण्याचे द्रव अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांचे द्रावण तोंडावाटे पाजविले. त्यांच्या वृत्तांतानुसार सुमारे तीस टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. ‘त्यांच्या वृत्तांतानुसार’ हे दोन शब्द मात्र मी सुचविले होते, याचा मला थोडा अभिमान आहे.

आपल्या घरांतही असे विद्यार्थी असतील. त्यांच्यापाशी शास्त्र असते, पण मराठी शब्द अपुरे पडतात; आपल्यापाशी शब्द असतात. ‘डिहायड्रेशन’ला काय म्हणावे, कोणते वाक्य अल्पशिक्षित आईसही समजेल, हे आपण सांगू शकतो. इंग्रजी नोंदीचे शब्दशः भाषांतर न करता, आधार समजून घेऊन स्वतःच्या वाक्यांत लिहावयास लावू शकतो. आणि प्रत्येक विधानापाशी थांबून, “हे कोण म्हणते?” एवढे विचारू शकतो. तोच प्रश्न त्यांनी आपणांस विचारला, तर रागावू नये.

नोंद आता पूर्ण झाली आहे. तीत माझ्या भावाचा उल्लेख नाही. ज्या ओळीत पाणी व आहार चालू ठेवण्याविषयी लिहिले आहे, ती ओळ मी अधूनमधून उघडून पाहते. कोणी बदलली तर नाही ना, याची खात्री करून घेते.