वारकऱ्यांची यादी म्हणजे भाविकांची यादी का?

प्रत्येक वारकरी हा भाविक असतो. मग वारकऱ्यांची यादी ही भाविकांची यादी झाली की नाही? पंढरपुरात कुणालाही विचारा, 'हो' म्हणेल. जावाचा कंपायलर मात्र 'नाही' म्हणतो, आणि बरेच जण त्यालाच नावं ठेवून पुढे जातात. तुम्ही जरा थांबा.

समजा 'भाविक' हा क्लास आणि 'वारकरी' त्याचा सबक्लास. वारकऱ्याला एक जास्तीचं फील्ड आहे: दिंडी क्रमांक. (मोकळे चालणारे सध्या बाजूला ठेवू.) एक फंक्शन भाविकांची लिस्ट घेतं आणि तिच्यात नवा भाविक टाकतं. त्यात काहीच गैर नाही. पण त्याला वारकऱ्यांची लिस्ट दिलीत, तर एसटीने एकटाच आलेला भाविक तिच्यात जाऊन बसेल. पुढे दुसरं फंक्शन त्याच लिस्टमधल्या प्रत्येकाला दिंडी क्रमांक विचारेल. याच्याकडे तो नाहीच! म्हणून कंपायलर लिस्ट देतानाच अडवतो.

नीट बघा, गडबड वाचण्याने झाली नाही, लिहिण्याने झाली. फंक्शन नुसतं वाचणार असेल तर वारकऱ्यांची लिस्ट खुशाल चालते, हा कोव्हेरियन्स. उलट, फंक्शन फक्त वारकरी आत टाकणार असेल तर त्याला भाविकांची लिस्टही चालते, हा कॉन्ट्राव्हेरियन्स. दोन्ही करायचं तर टाइप तंतोतंत तोच हवा. जावात हे 'एक्स्टेंड्स' आणि 'सुपर' वाइल्डकार्डने सांगतात, कॉटलिनमध्ये 'आउट' आणि 'इन'ने. मला कॉटलिनचे शब्द जास्त पटतात.

खरी गंमत जावाच्या ॲरेची. तिथे वारकऱ्यांचा ॲरे भाविकांचा म्हणून चालतो! 1996 च्या जावात जेनेरिक्स नव्हते, ते 2004 मध्ये जावा 5 सोबत आले. तोवर कुठल्याही ऑब्जेक्ट्सच्या ॲरेसाठी एकच फंक्शन लिहिता यावं, म्हणून ही सूट. त्याची किंमत म्हणजे ॲरेत ऑब्जेक्ट लिहिताना रनटाइमला होणारी तपासणी. चुकीचा टाकलात तर 'ॲरेस्टोअरएक्सेप्शन'. लिस्टला ही पळवाट नाही, कारण टाइप इरेजरमुळे आपण वारकऱ्यांची लिस्ट होतो हे तिला रनटाइमला आठवतच नाही. जे पकडायचं ते आधीच पकडावं लागतं.

संशोधनाकडे वळणार असाल तर बार्बरा लिस्कोव्ह आणि जेनेट विंग यांचा 1994 चा सबटाइपिंगवरचा पेपर जरूर वाचा. मूळ टाइपबद्दल जे सिद्ध करता येतं ते सबटाइपलाही लागू पडलं पाहिजे, ही त्यांची कसोटी. 'हिच्यात कुठलाही भाविक टाकता येतो' हा भाविकांच्या लिस्टचा गुण. वारकऱ्यांची लिस्ट नेमकी तिथेच नापास होते.